आमचं घर बावन्न फुटांवर

सांगलीत एखाद्याचं घर नेमकं कुठं आहे हे पत्त्यावरून कळत नाही, त्यासाठी आकडा विचारावा लागतो. ‘तुमच्यात पाणी कितीला येतं?’ सोयरीक जुळवताना, खोली भाड्यानं घेताना, दुकानाचा गाळा विकताना हा प्रश्न येतोच आणि उत्तर फुटांत मिळतं. हे फूट कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीचे. १९२९ साली बांधून झालेला हा पूल सांगली आणि सांगलीवाडीला जोडतो, पण पावसाळ्यात लोक त्याच्याकडे बघतात ते आकड्यासाठी. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे सरकारी हिशेब. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड इथली माणसं सरकारी इशाऱ्याची वाट बघत बसत नाहीत, त्यांची बोचकी आधीच बांधलेली असतात. उंचावरच्या विश्रामबागेतल्या माणसाला आकडाच नसतो, आणि ही गोष्ट तो बोलण्याच्या ओघात सहज ऐकवून जातो.

आमचं घर गावभागात, नदीकडच्या उताराला. जुनं दोन मजली, दगडी जोत्याचं. खाली आम्ही, वर चुलत्यांचं बिऱ्हाड. आमचा आकडा बावन्न. म्हणजे एरवी निर्धास्त.

बाहेरच्यांना वाटतं की सांगलीत पाऊस पडतो आणि पूर येतो. आमच्या पावसानं फार तर शामरावनगरात चिखल होतो. पूर येतो तो महाबळेश्वर, नवजा, कोयनानगरच्या पावसानं. कोयनेचं धरण १०५ टीएमसीचं. तिथून सोडलेलं पाणी इथवर यायला दिवसाहून जास्त वेळ घेतं, म्हणून आम्ही आभाळाकडे न बघता क्युसेकचे आकडे बघतो. त्यातही मेख अशी की शहर संपता संपता हरिपूरला वारणा येऊन मिळते आणि पुढं नरसोबावाडीला पंचगंगा. त्या दोघी फुगलेल्या असल्या की कृष्णेला पुढं सरकायला वाव राहत नाही, ती मागं दाटते. कोल्हापुरात पंचगंगेवर असलेल्या राजाराम बंधाऱ्याची पातळी सांगलीकराला पाठ असते ती याचसाठी. पुढं कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाचा वाद मी इथं उकरत नाही. सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं २०१९च्या पुराला अलमट्टी जबाबदार नाही असं म्हटलं, आमच्या कट्ट्यावर ते आजतागायत कुणाला पटलेलं नाही.

या दाटण्यामुळं आमच्याकडचा पूर गर्जना करत येत नाही, तो भरत जातो. शेरीनाल्यातून, गटारातून, चेंबरच्या झाकणातून पाणी वर येतं. रस्ता कोरडा असतो आणि घरातल्या मोरीत बुडबुडे येतात. ज्यानं हे पहिल्यांदा पाहिलं त्याला वाटतं नळ उघडा राहिला. म्हणून मोरीच्या तोंडात वाळूचं पोतं कोंबणं हे पहिलं काम, उंबऱ्यावर विटा रचणं नंतरचं.

आकडा तिशीत असतो तोवर सगळं गाव पूर बघायला जातं. मुलाबाळांना घेऊन, छत्र्या धरून, भाजलेली कणसं खात लोक आयर्विनच्या कठड्याला टेकतात. पट्टीचे पोहणारे पुलावरून उड्या टाकतात आणि पार खालच्या घाटाला निघतात, पोलिस शिट्ट्या मारत राहतात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथं मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला, तेव्हापासून या गावाला प्रेक्षक व्हायची सवय आहे असं माझे चुलते म्हणतात. चाळिशी ओलांडली की पुलावरची गर्दी एकदम पातळ होते. जो तो आपापल्या आकड्याकडे परततो.

२०१९ची नागपंचमी ५ ऑगस्टला, सोमवारी होती. त्या दिवशी आमच्याकडं काही चिरायचं नाही, तव्यावर भाजायचं नाही, म्हणून पुरणाचे दिंड उकडतात. आईनं दिंड चुलीवर ठेवले आणि आम्ही सामान चढवायला लागलो. पाणी धोक्याच्या वर गेलेलं होतं, पण आमच्या घरात घबराट नव्हती, कारण भिंतीवर खूण होती. २००५च्या पुरात पाणी जिथवर आलं तिथं चुलत्यांनी ऑइलपेंटनं आडवी रेघ मारून शेजारी साल लिहिलेलं. गुडघ्याएवढी उंची. त्या पुरात आयर्विनला चोपन्नच्या जवळ पाणी टेकलं होतं. गल्लीत अशी रेघ जवळपास प्रत्येक घरात होती, आणि साऱ्या गल्लीनं त्या रेघेच्या वर दोन-अडीच फूट सोडून सामान रचलं. कपाटातल्या खालच्या कप्प्यातलं वरच्या कप्प्यात, गाद्या पलंगावर, फ्रीज जेवणाच्या टेबलावर.

माझी आई हरिपूरची. तिच्या लेखी २००५हून मोठं पाणी असणं शक्यच नव्हतं, कारण त्या पाण्यानं तिच्या माहेरची पेवं बुडवली होती. पेव म्हणजे जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल खणलेलं हळदीचं कोठार, तोंड अरुंद आणि पोट मोठं. हरिपूरच्या मातीत ओल झिरपत नाही, आत हवा खेळत नाही, त्यामुळं कीड जगत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. पेव उघडल्यावर माणूस उतरवण्याआधी कंदील सोडून बघायचे, विझला तर थांबायचं. सांगलीची हळदपेठ मोठी झाली त्यात या पेवांचा वाटा आहे, आणि मी स्वतः मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी असल्यानं हे मला रोज ऐकायला मिळतं. २००५ला पेवांत पाणी शिरलं आणि त्यांच्यातली हळद कुजली. त्यानंतर त्यांचा वापर घटत गेला, माल गोदामांत आणि शीतगृहांत जायला लागला. ज्या पुरानं पेवं संपवली तो शेवटचा मोठा पूर, असं आईनं स्वतःपुरतं ठरवून टाकलेलं.

सामान चढवण्याचा क्रम मात्र तिचाच आणि तो चोख होता. आधी कागदपत्रं, म्हणजे घराचा उतारा, रेशनकार्ड, पासबुकं, मुलाचे दाखले. मग औषधं. मग धान्य. मग गॅसचा सिलिंडर, तो वर न्यायचा नसेल तर खिडकीच्या गजाला दोरानं घट्ट बांधायचा, कारण भरलेला सिलिंडरसुद्धा तरंगतो आणि घरभर धडका देत फिरतो. मेन स्विच खाली. मोटारसायकल विश्रामबागेत बहिणीच्या दारात. देव सगळ्यात शेवटी, कारण ‘त्यांना बुडायची सवय असते’.

माझी बायको लातूरची. गल्लीतली सगळी माणसं भांडी रिकामी करून माळ्यावर टाकत होती, आणि ती एकटी घागरी, कळश्या, कुकर, दुधाची पातेली, मिळेल ते पिण्याच्या पाण्यानं भरून वर चुलत्यांकडं नेऊन ठेवत होती. चुलती तिला म्हणाली, ‘अगं, पाणीच तर यायलंय, भरतीस कशाला?’ ती काही बोलली नाही. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून कृष्णेचं पाणी लातूरला गेलं, तेव्हा तिच्या माहेरी त्या पाण्यासाठी रांगेत उभं राहावं लागलं होतं. पुढं शहराचा पाणीपुरवठाच पुरात सापडला. नळ कोरडे पडले आणि बाटलीबंद पाण्यासाठी माणसं भांडायला लागली, तेव्हा आमच्या वरच्या मजल्यावर शेजारची दोन घरं कळश्या घेऊन येत होती.

मंगळवारी आई, बायको आणि मुलगा विश्रामबागेत गेले. गल्लीत घोट्याएवढं पाणी होतं, रिक्षा कोपऱ्यापर्यंतच आली. मी, चुलते आणि त्यांचा मुलगा वर राहिलो. घर सोडून सगळ्यांनीच जायचं नाही हा आमच्याकडचा रिवाज. एक तर चोऱ्या होतात, आणि दुसरं कारण कुणी बोलून दाखवत नाही, ते म्हणजे आपल्या पाठीमागं पाणी किती चढलं हे आपल्या डोळ्यांनी बघायचं असतं.

त्या रात्री पाणी घरात आलं. वीज आधीच गेली होती. जिन्यात बसून बॅटरीच्या उजेडात आम्ही पायऱ्या मोजत होतो. पाणी चढताना आवाज नसतो, आवाज असतो तो सामानाचा. डबे एकमेकांवर आपटतात, दार फुगून करकरतं, मग मध्येच धपकन काहीतरी मोठं कोसळतं आणि आपण अंदाज करतो, फ्रीज असावा. पहाटे चुलत्यांनी रेघेवर बॅटरी मारली तर रेघ पाण्याखाली. ते काही बोलले नाहीत, पण खालचा जिना सोडून वरच्या खोलीत जाऊन बसले. दुपारपर्यंत टेबल गेलं, पलंग गेला, संध्याकाळी कपाटाचा वरचा कप्पा गेला. शुक्रवारी आयर्विनला सत्तावन्नच्या वर पाणी होतं आणि आमच्या खालच्या खोल्यांत माझ्या छातीला लागेल एवढं.

खायला काय होतं, तर भडंग. सांगलीत कुठल्याही घरात शेंगदाणे-लसूण घातलेल्या भडंगाची पिशवी असतेच, आणि तिला ना गॅस लागतो ना पाणी. दोन वेळ भडंग आणि सोमवारचे उरलेले दिंड. दिंड बुधवारपर्यंत आंबले. मोबाइल पुरवून वापरायचा म्हणून एकमेकांना ठरलेल्या वेळीच फोन. पण अफवांना चार्जिंग लागत नाही, त्या गच्चीवरून गच्चीवर जात होत्या. कोयनेच्या भिंतीपासून मगरींपर्यंत सगळं ऐकलं. मगरी कृष्णेत खरोखरच आहेत, नदीकाठच्या एका वस्तीचं नावच मगरमच्छ कॉलनी आहे, त्यामुळं ती अफवा थट्टेवारी नेता येत नव्हती.

आम्हाला बाहेर काढलं ते सांगलीवाडीकडच्या पोरांनी, त्यांच्या शर्यतीच्या होडीतून. कृष्णेत पावसाळ्यात होड्यांच्या शर्यती होतात, गावोगावचे संघ वल्ही घेऊन उतरतात, आणि त्या वर्षी शर्यतीच्या दिवसांत त्याच होड्या गल्ल्यांतून फिरत होत्या. आदल्याच दिवशी, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटून माणसं गेली होती. त्यामुळं चुलते बसायलाच तयार होईनात. होडीवाल्या पोरानं त्यांना खाली मधोमध बसवलं, हातात बादली दिली आणि सांगितलं, ‘आजोबा, तुम्ही फकस्त पाणी उपसा. बाहेर बघूच नका.’ चुलते वाटभर बादली चालवत राहिले, होडीत उपसण्याएवढं पाणी नव्हतं तरी.

राजवाड्याच्या बाजूनं आलो. ज्या चौकात वाहनं एकमेकांना वाट देत नाहीत तिथं आम्ही वल्ही मारत होतो, आणि खाली कुठंतरी हातगाडीचा दांडा होडीच्या बुडाला घासला. गणेशदुर्गातल्या तुरुंगाचा परिसरही पाण्यात होता. याच तुरुंगातून २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील साथीदारांबरोबर निसटले होते, हे सांगलीच्या प्रत्येक पोराला माहीत असतं, आणि आमच्या होडीवाल्यानं ते मला पुन्हा एकदा सांगितलं, गाईडसारखं हात करून. नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं त्या पाण्यात गेली. मी तिथला जुना सभासद, तिकडे फार वेळ बघितलं नाही.

विश्रामबागेत आल्यावर कळलं की तिथली माणसंही काही झोपलेली नाहीत. शाळा, मंगल कार्यालयं, मशिदी, सगळीकडं माणसं. बहिणीच्या दोन खोल्यांत किती जण होतो ते मोजण्यात अर्थ नव्हता. भाकरी येत होत्या त्या जत-आटपाडीकडून, टेम्पो भरभरून, शेंगदाण्याच्या चटणीसकट. त्याच आठवड्यात जत-आटपाडीच्या गावांना टँकरनं पाणी चाललेलं होतं. एकाच जिल्ह्याच्या एका टोकाला बोटी आणि दुसऱ्या टोकाला टँकर. बायकोनं त्या भाकरी वाटताना एका टेम्पोवाल्याला विचारलं की तुमच्यात पाऊस झाला का, तर तो ‘नाही’ म्हणाला आणि रिकामी पोती गोळा करून निघून गेला. बकरी ईद १२ तारखेला आली, मिरजेत तिचे पैसे पूरग्रस्तांसाठी निघाले. मदतीत एकच गोष्ट नकोशी झाली, जुने कपडे. फाटक्या साड्यांचे आणि बटणं तुटलेल्या शर्टांचे ढीग चौकात भिजत पडले. पूरग्रस्ताला कसलाही कपडा चालतो असं कुणी ठरवलं कोण जाणे. तेव्हा लोकांना हवे होते झाडू, फावडी, फिनेल आणि आतले नवे कपडे.

आता गाळाविषयी सांगायला हवं, कारण पूर ओसरला की पाहुणे, कॅमेरे, नेते निघून जातात आणि खरं काम तिथून सुरू होतं. ज्याला अनुभव आहे तो पाणी पूर्ण उतरायची वाट बघत नाही. पाणी घोट्याएवढं आणि उतरतं असतानाच घरात शिरायचं आणि त्याच पाण्यानं, त्याच्याच ओढीबरोबर गाळ बाहेर ढकलायचा. ती वेळ चुकली की गाळ बसतो, दोन दिवस ऊन पडलं की फरशीवर त्याचा थर सिमेंटसारखा होतो, मग तो खुरप्यानं खरवडावा लागतो आणि धुवायला नळाला पाणी नसतं. होडीवाल्या पोरानं उतरवतानाच बजावलं होतं, ‘दादा, पाण्यासंगंच आत जावा.’ आम्ही तसे गेलो. खराटे, फावडी, घमेली, आणि फरशी पुसायच्या वायपरला लांब बांबू बांधून केलेली ढकलणी. वरून खाली काम करायचं, आधी भिंती, मग कट्टा, मग जमीन. आतल्या खोलीपासून दाराकडं. उलटं केलं की तोच गाळ पुन्हा आत येतो.

कुठलाही डबा हात घालून उचलायचा नाही, आधी काठीनं हलवायचा, कारण साप कोरड्या जागेच्या शोधात कपाटात चढून बसलेले असतात. आमच्याकडं धामण निघाली, स्वयंपाकघराच्या फळीवर, आईच्या मिसळणाच्या डब्यामागं. पायांत बूट हवेतच. पायाला खरचटलेलं असेल तर त्या पाण्यात उतरायचं नाही, लेप्टोच्या तापाची भीती असते, आरोग्य खात्याची माणसं गोळ्या वाटत फिरत होती.

काय टिकलं आणि काय गेलं याचा हिशेब काही और निघाला. हप्त्यावर घेतलेलं प्लायवूडचं कपाट पुस्तकासारखं पानापानांनी सुटलं. आजोबांचा सागवानी पलंग धुऊन आठवडाभर सावलीत ठेवला तर आहे तसा. तांब्यापितळेची भांडी चिंचेनं घासली की झालं. गहू पोत्यातच उगवला आणि त्याला असा वास सुटला की तो काढताना दोघांना ओकाऱ्या झाल्या. लग्नाचा अल्बम चिकटून एक ठोकळा झाला होता. फोटो कोरडे होऊ न देता ओले असतानाच सोडवायचे असतात हे शेजारच्या फोटोग्राफरनं सांगितलं. त्याचा स्वतःचा स्टुडिओ पाण्यात गेलेला, तरी परातीत स्वच्छ पाणी घेऊन तो गल्लीतल्या सगळ्यांचे अल्बम सोडवत बसला होता. आमचे अर्धे वाचले.

घरातला गाळ रस्त्यावर, रस्त्यावरचा कुणी उचलायचा? गाद्या, सोफे, टीव्ही, भिजलेली वह्या-पुस्तकं यांची दुतर्फा रांग लागली, मधून एक माणूस जाईल एवढी वाट. दुसऱ्या शहरांतल्या महापालिकांची माणसं जेसीबी, डंपर घेऊन आली, त्यांनी रात्रंदिवस उचललं. ब्लीचिंग पावडरचा वास गणपतीपर्यंत गेला नाही.

मग पंचनामा. पंचनाम्याच्या आधी घर धुवायचं नसतं असं एक जण सांगायचा, आणि धुतलं नाही तर रोगराई, असं दुसरा. आम्ही मधला मार्ग काढला, भिंतीवरची पाण्याची रेघ ठेवली आणि बाकी धुतलं. शिवाय प्रत्येक खोलीचे मोबाइलवर फोटो. शहरी भागात कुटुंबामागं १५,००० रुपये सानुग्रह अनुदान होतं, ग्रामीण भागात १०,०००, त्यातले ५,००० रोख आणि उरलेले बँकेत. त्याआधी मोफत गहू-तांदळासाठी घर दोन दिवस पाण्यात असलं पाहिजे असा शासन निर्णय निघाला होता, त्यावर राज्यभर रान उठलं. आमच्या गल्लीत त्यावरचे विनोद मात्र महिनाभर पुरले. ‘काय वं, तुमचं घर पात्र आहे का, का नुसतंच बुडालंय?’

कागदं लागायची ती आधार, रेशनकार्ड, पासबुक, यांच्या झेरॉक्स. गावभागातली झेरॉक्सची यंत्रं सगळी पाण्यात गेलेली, म्हणून विश्रामबागेत झेरॉक्सला रांग. तिथं मला निम्मी गल्ली भेटली. पंचनाम्याला आलेल्या माणसापुढं आमचा पेच असा होता की घर एक, रेशनकार्ड दोन. चुलते वर राहतात, त्यांच्या खोल्यांत पाणी गेलं नाही, पण त्यांचं धान्य, त्यांची मोटार, त्यांचं शिलाई मशीन खालच्या पडवीत होतं. नियमाप्रमाणं ते पूरग्रस्त की नाहीत? त्या माणसानं विचारलं, ‘चूल कुठं आहे?’ वर. मग नाही. चुलते चिडले. म्हणाले, ‘शिलाई मशीन काय चुलीवर चालवायचं व्हय?’ शब्दानं शब्द वाढला. शेवटी आईनं त्या माणसाला बसायला प्लॅस्टिकची खुर्ची दिली, चहा केला आणि विचारलं, ‘तुमचं घर कुठं हो?’ दत्तनगर. तिथं छपरापर्यंत पाणी होतं. बायकोमुलं माधवनगरला मेव्हण्याकडं, त्याच्या स्वतःच्या घराचा पंचनामा अजून व्हायचा होता आणि तो सकाळपासून आमची मोजत फिरत होता. चुलते गप्प झाले. पडवीचा वेगळा उल्लेख त्यानं केला, पुढं त्याचं काय झालं ते विचारू नका. आमचे पैसे आले, रोखही आणि बँकेतही. एका गादी-उशीचा आणि गॅसच्या शेगडीचा खर्च निघाला.

गणपती त्या वर्षी २ सप्टेंबरला आले. सांगलीच्या गणपती मंदिरात त्याच्या काही दिवस आधी चोर गणपती बसतो, कागदाच्या लगद्याचा, गाजावाजा न करता. मंडळांनी मांडव लहान घातले. आमच्या दारातल्या मंडळानं वर्गणी मागितली नाही, ही मात्र इतिहासात नोंद करण्यासारखी गोष्ट.

२०२१च्या जुलैमध्ये पुन्हा पाणी आलं, पंचावन्नच्या आसपास. कोरोनाचे दिवस, तोंडाला मास्क. या वेळी भिंतीवर दोन रेघा होत्या आणि कुणी खालच्या रेघेकडं बघितलं नाही. आकडा चाळिशीला टेकला तेव्हाच गल्ली रिकामी झाली, टेम्पोवाल्यांनी तेवढ्यात भाव दुप्पट केले. लाकडी काही उरलेलंच नव्हतं, लोखंडी खाट आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या, त्या माळ्यावर. पाणी मांडीपर्यंत आलं आणि गेलं. पाण्याबरोबर आत जाणं, गाळ ढकलणं, फोटो, झेरॉक्स, सगळं न बोलता झालं. मुलगा आता हाताशी आला होता, त्यानं काठीनं डबे हलवले.

दुसऱ्या पुरानंतर मात्र चुलते विश्रामबागेत फ्लॅट घेऊन गेले. गावभागातून दर पुरानंतर काही घरं अशी हलतात, पेठेतली दुकानं तिथंच राहतात. आमचा वरचा मजला भाड्यानं द्यायचा म्हणून वायरमनला बोलावलं. त्यानं सगळी बटणं डोक्याच्या वर घेतली, आता दिवा लावायला आईला काठी लागते. विजेचा मीटरही वर न्यायचा ठरला. अर्ज, नकाशा, जागेची पाहणी, पुन्हा अर्ज असं करत तो पावसाळ्याआधी गॅलरीत गेला. आमचं बघून गल्लीतल्या बाकीच्यांनीही तसे अर्ज केले, आणि आता आमच्या गल्लीतले बहुतेक मीटर वरच्या गॅलऱ्यांत लोंबतात. रीडिंग घ्यायला येणारा माणूस प्रत्येक घराचा जिना चढतो, दम खातो, आणि तुमच्याच गल्लीत का हो असं, म्हणून दर महिन्याला चिडतो. तो इचलकरंजीचा आहे.